बी घालू का?

कागलहून सव्वाअकराची एस्टी.
कापशीत उतरले तेव्हा टपरीवरच्या माणसानं
आधी माझे पाय पाहिले, मग तोंड.
"पायताणं न्हवं? खालच्या आळीला जावा.
ठोकल्याला आवाज येईल.
न्हाई आला, तर जेवायला बसल्यात म्हणायचं."

या गावाचं नाव गावापेक्षा लांब गेलंय.
पुण्यात मी ते काचेमागं पाहिलं होतं,
शेजारी किंमत अशी की हात आपोआप खिशात गेला.
इथं ते नाव फाट्यावरच्या पाटीवर आहे,
पाटीला गंज,
आणि पाटीखाली एक शेळी.

शेवंताक्का माळगे ओसरीवर.
कुंडीत बाभळीच्या सालीचं पाणी, काळं, तुरट,
वास आधी नाकाला झोंबतो
मग तुमच्या कपड्यांत राहायला येतो.
सून चामड्याच्या वाद्यांची वेणी घालतेय,
सात पेडांची, केसाला लाजवेल अशी बारीक.
मुलाच्या हातात रापी, समोर मोबाइलवर कुस्ती,
डाव पडला की तेवढी रापी थांबते.

अक्कानं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं अंथरलं.
"ठेवा पाय."
पेन्सिल टाचेपासून निघाली, गुदगुल्या करत,
आणि करंगळीपाशी अडली.
"डावा मोठा हाय तुमचा. गव्हाच्या दाण्याएवढा.
ठाव न्हवतं?"
चाळीस वर्षं ठाव नव्हतं.
दुकानांनी दोन्ही पायांना एकच आकडा दिला,
मी तो निमूट घातला.

मग तिनं विचारलं,
चहात साखर किती, असं विचारावं तसं:
"बी घालू का?"

तळाच्या दोन थरांमध्ये बी शिवतात.
पाऊल पडलं की करकरतं.
येणारा दिसायच्या आधी ऐकू येतो.
मी म्हटलं, नको, मी ग्रंथालयात काम करते.

ती हसली. दातात धरलेला चामड्याचा दोरा तसाच.
"माझा सासरा दुसऱ्याच्या पायताणात बी घालायचा.
एकेका जोडात अकरा-अकरा.
मालक निघाला की गल्ली उठून उभी.
आन् ह्यो?
चावडी आली की स्वतःची पायताणं काखेत.
मुकी पायताणं, ती बी काखेत."

सून वेणी घालायची थांबली नाही.
ही गोष्ट तिला पाठ असणार.

"येकदा रात्री बसला. दिवा बारीक करून
स्वतःच्या जोडात घातलं बी.
दुसऱ्या दिवशी भर दुपारी
चावडीम्होरनं गेला. जाताना गेला. येताना बी गेला."

पुढं काय झालं? मी विचारलं.

तिनं आरी तेलात बुडवली.
भोक पाडलं. दोरा ओढला.
पुन्हा भोक पाडलं.
"तळाला खिळा न्हाई बरं का आमच्या," ती म्हणाली,
"समदं शिवल्यालं. उसवलं तर शिवता येतंय."

मी जरा वेळानं म्हटलं,
घाला.

तीन आठवड्यांनी जोड घ्यायला गेले.
उजवा मुका निघाला.
मला वाटलं विसरली.
"इसरीन व्हय? डाव्यातच घातलंय.
एका पायानं बोलायचं,
दुसऱ्यानं ऐकायला नगो?"

आठ दिवस चावतील, गोडंतेल लावा,
पावसात घालू नका, वगैरे वगैरे.
पैसे मोजून घेतले तिनं. दोनदा.

एस्टीला वेळ होता.
वाट चावडीवरूनच जाते, दुसरी नाही.
पारावर दोघं-तिघं पेपर वाचत होते.
कर्र.
काही नाही.
कर्र.
काही नाही.
एकानं पेपर खाली केला.
उजव्या पायाला नवं चामडं लागत होतं,
मी चालणं हळू केलं नाही.